कुपीवरच्या नंबरामागचे दप्तर

पावसाळा लागला की फुलसावंगीच्या शिवारात पेरणीबरोबर सापाची काळजीही सुरू होते. महागाव तालुक्यातले, पैनगंगेच्या पट्ट्यातले हे कापूस-सोयाबीनचे गाव. पऱ्हाटी कमरेला लागली की धुऱ्यावरून चालताना पाय कुठे पडतो ते दिसत नाही. निंदायला बसलेल्या बाईचा हात घोणशीच्या वेटोळ्यापासून वीतभर अंतरावर असू शकतो, आणि जागलीला उघड्यावर झोपलेल्या माणसाला मण्यार चावून गेली तरी कित्येकदा जाग येत नाही. अशा माणसाला सरकारी दवाखान्यात आणले की सिस्टर एक लहान काचेची कुपी काढतात. तळाशी पांढरट भुकटी असते. ती दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवतात आणि शिरेतून देतात.

त्या कुपीचे लेबल सवडीने वाचण्यासारखे असते. बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, मुदत, आणि मग बारीक अक्षरात एक हिशेब: या औषधाचा एक मिलिलिटर नागाचे ०.६, घोणशीचे ०.६, मण्यारीचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतो. हा हिशेब कोणीतरी तपासून, सही करून रजिस्टरात लिहिलेला असतो. बॅच क्रमांक धरून त्या पानापर्यंत परत जाता येते. कुपी कोणत्याही कारखान्याची असो, तिच्यावर नंबर घालायचा आणि त्या नंबरामागची सगळी हकीकत लिहून ठेवायची, ही शिस्त आपल्याकडे फार लवकर रुजली ती मुंबईत परळला, हाफकिन संस्थेत. १० ऑगस्ट १८९९ रोजी ही प्रयोगशाळा परळच्या वास्तूत सुरू झाली. ती कशी वाढली हे पाहायचे तर तिचे जुने कागद उघडावे लागतात.

संस्थेचा इतिहास म्हटला की संस्थापकाचे तैलचित्र, उद्घाटनाची कोनशिला आणि शोधांची यादी एवढे पुढे येते. मला रोजचे कागद त्याहून जास्त सांगतात. किती बाटल्या भरल्या, कोणत्या प्रांताने किती मागितल्या, किती उंदीर चिरले, माणसे किती वाढली, खर्च कशावर झाला. संशोधन संस्था अशा नोंदींच्या जोरावर वाढते, कारण दहा वर्षांपूर्वीची नोंद शाबूत असेल तरच आज नवा प्रश्न विचारता येतो. आणि जिथे नोंद तोकडी पडते तिथे माणसे नाहक भरडली जातात. परळच्या दप्तरात या दोन्ही गोष्टी ठसठशीत दिसतात.

हे दप्तर एका ठिकाणी नाही. मुंबई सरकारचा पत्रव्यवहार काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या राज्य पुराभिलेखागारात पाहायचा. संस्थेचे वार्षिक अहवाल छापले जात आणि त्यांच्या प्रती विलायतेला जात. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने ब्रिटिश अमदानीतल्या वैद्यकीय अहवालांचा मोठा संग्रह स्कॅन करून इंटरनेटवर मोफत ठेवला आहे. प्लेगवरचे मोठे संशोधन १९०६ पासून ‘जर्नल ऑफ हायजीन’ या नियतकालिकात छापले गेले, तेही आता कोणालाही वाचता येते. वाल्डेमार हाफकिन यांच्या स्वतःच्या डायऱ्या आणि पत्रे जेरुसलेमला, इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. म्हणजे छापलेला बराचसा भाग फुलसावंगीत बसून मोबाइलवर वाचता येतो. मुंबई गाठावी लागते ती सरकारी पत्रव्यवहारासाठी.

सरकारी नस्ती वाचायची एक रीत आहे. नस्तीत आधी मागणीचे पत्र असते, मग एकेका खात्याचे अभिप्राय, पैशाच्या बाबतीत वित्त खात्याची हरकत, आणि शेवटी सरकारचे ‘रिझोल्यूशन’. आजचा जीआर त्याच घराण्यातला. घाईतला माणूस नस्ती शेवटून उघडतो, रिझोल्यूशन वाचतो आणि मिटतो. पण संस्थेची वाढ समजते ती मधल्या पानांवर, कारण काय मागितले होते आणि त्यातले काय कापले गेले हे तिथेच कळते. मंजूर झालेली रक्कम सरकारचे मन सांगते. मागितलेली रक्कम शास्त्रज्ञाचे.

आता पहिल्या कागदाकडे. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. हे मूळचे ओडेसाचे, जन्म १८६०. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस केली होती आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात ती टोचत फिरत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट लॅबोरेटरीत त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. संस्थेचा हा पहिला ताळेबंद. पुढच्या अहवालातली माणसांची संख्या या आकड्याशी ताडून पाहिली की वाढ किती झाली ते मोजता येते.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली गेली. मग प्रयोगशाळेचा पत्ता बदलत गेला. पेटिट लॅबोरेटरीतून मलबार हिलवरचा बंगला, तिथून माझगावचे खुशरू लॉज. हे घर आगा खान यांनी दिले होते. त्यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली आणि त्यांच्या खोजा अनुयायांनीही हजारोंनी घेतली. शेवटी परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस. एके काळी तिथे ख्रिस्ती मठ होता, नंतर गव्हर्नरांचा वाडा झाला, आणि १८८०च्या दशकात गव्हर्नरांनी आपला मुक्काम मलबार पॉइंटला हलवला. पत्राच्या माथ्यावरचा पत्ता तीन वर्षांत तीनदा बदलतो. मागणी किती वेगाने वाढत होती हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

लस कशी होत होती ते जवळून पाहू, कारण रजिस्टरातले रकाने त्या कृतीतूनच ठरले. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले तर हिंदुस्थानात लस कोणी अंगाला लावून घेणार नाही हे हाफकिन यांनी ओळखले होते. म्हणून बकरीचे मांस आम्लात शिजवून, मऊ करून त्याचा रस्सा केला जाई. तो मोठ्या गोल चंबूंत भरायचा आणि वर तुपाचे थोडे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या तुपाला खालून धरून वाढत आणि रश्श्यात धाग्यांसारखे लोंबकळत. काही दिवसांनी चंबू हलवला की धागे तळाशी झडून पडत आणि वर नवे पीक धरे. असे पाच-सहा आठवडे. धागे लोंबकळणे ही प्लेगच्या जंतूची खूण होती. ते दिसले नाहीत तर चंबूत भलतेच काही वाढते आहे असे समजायचे. मग सगळे पासष्ट अंशांच्या आसपास तापवून जंतू मारायचे, थोडे कार्बॉलिक ॲसिड घालायचे आणि बाटल्या भरून बूच लावायचे.

अशा कामात लिहून ठेवण्याला पर्याय नसतो. चंबू कोणत्या दिवशी लावला, कधी हलवला, किती अंशांवर किती वेळ तापवला, त्यातून कोणत्या नंबरच्या बाटल्या भरल्या आणि त्या कुठे गेल्या, एवढे तरी लिहिले नाही तर सहा आठवड्यांनी कोणालाच काही आठवणार नाही. स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठी लावतात तीच गरज, फक्त इथे चूक झाली तर जीव जातो.

रजिस्टरांखेरीज दुसरा मोठा कागद म्हणजे तक्ता. यातला सर्वांत चांगला तक्ता बडोद्याजवळच्या उंढेरा गावाचा आहे. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग होता. हाफकिन यांनी प्रत्येक घरातली साधारण निम्मी माणसे टोचली आणि निम्मी तशीच ठेवली. एकच घर, एकच चूल, तेच उंदीर; फरक फक्त सुईचा. नंतर घरोघर जाऊन मोजदाद झाली. टोचलेले ७१ जण होते, त्यांतले ८ आजारी पडले आणि ३ दगावले. न टोचलेले ६४ होते, त्यांतले २७ आजारी पडले आणि २६ दगावले. हा तक्ता वाचताना शेवटच्या आकड्याकडे लगेच धावू नये. आधी पाहावे की दोन्ही गटांत माणसे किती, ती कोणत्या घरांतली, आणि मोजणाऱ्याने कोणाला वगळले का. उंढेऱ्याचा तक्ता या तिन्ही प्रश्नांना टिकतो, म्हणून इतक्या वर्षांनीही तो उद्धृत होतो. त्या २६ जणांच्या घरच्यांना काय वाटले असेल, याला मात्र तक्त्यात रकाना नाही.

वार्षिक अहवालांत प्रांतवार लसीचा हिशेब असतो. आपल्याकडच्या वाचकाला इथे एक गोष्ट माहीत हवी. वऱ्हाड मुंबई इलाख्यात कधीच नव्हता. आधी तो निजामाकडून घेतलेला मुलूख होता, आणि १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणून यवतमाळकडचा हिशेब मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या रकान्यात शोधायचा. त्यातही १९०५ पर्यंत यवतमाळ जिल्ह्याचे नाव वणी जिल्हा होते, आणि पुसद तालुका वाशिम जिल्ह्यात होता. वाशिम जिल्हा मोडला तेव्हा पुसद यवतमाळला आला. महागाव, फुलसावंगीचा भाग तेव्हा पुसदेकडचा. एवढे धरून पाने उलटली की आपल्या मुलखाचा माग लागतो. एकूण आकडा तर डोळे विस्फारणारा आहे: १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीचे दोन कोटी साठ लाख डोस बाहेर गेले.

या वाढीच्या ऐन भरात एक बाटली निघाली. तिचा नंबर ५३-एन.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले आणि मोठी टोचणी मोहीम ठरली. मागणी एकदम इतकी वाढली की परळला कृती बदलावी लागली. काम लवकर उरकावे म्हणून नव्या पद्धतीत कार्बॉलिक ॲसिड वगळले आणि जंतू मारण्याचा सगळा भार उष्णतेवर ठेवला. पाश्चर संस्थेतही तशी रीत होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी, आज ते पाकिस्तानात आहे, १०७ लोकांना लस टोचली गेली. बाटल्या पाच होत्या. साधारण आठवड्याने त्यांतल्या १९ जणांना धनुर्वाताचे झटके सुरू झाले आणि १९ही जण दगावले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती.

बाटलीला नंबर होता म्हणूनच हे ‘सगळ्यांची एकच बाटली’ कळले. उरलेल्या ८८ जणांना काही झाले नाही हेही त्याच नोंदीमुळे सिद्ध झाले. पण पुढे तोच नंबर हाफकिन यांच्यावर उलटला. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स त्याचे प्रमुख होते. आयोगाने म्हटले की बाटली मलकोवालला उघडण्याआधीच दूषित झाली होती, म्हणजे दोष परळचा. कार्बॉलिक वगळणे हा पुराव्यातला सर्वांत बोलका मुद्दा ठरला. बदल रजिस्टरात स्वच्छ लिहिलेला होता, लपवलेला नव्हता, आणि जे लिहिलेले असते ते बोट ठेवायला सोपे जाते. हाफकिन यांना काम सोडून इंग्लंडला जावे लागले. आयोगाचा अहवाल सरकारने १९०६च्या अखेरीस प्रसिद्ध केला.

आणि तो प्रसिद्ध झाला म्हणूनच सुटका झाली. लंडनमध्ये किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक डब्ल्यू. जे. सिम्प्सन आणि मलेरियाचा छडा लावणारे रोनाल्ड रॉस यांनी तो साक्षीपुराव्यांसकट वाचला. त्यांना त्याच कागदांत उलटा निष्कर्ष दिसला. त्यांची मांडणी पायरी पायरीने पाहण्यासारखी आहे.

बाटली भरून सहाएक आठवडे झाले होते. धनुर्वाताचे जंतू परळलाच आत गेले असते तर इतक्या दिवसांत ते मुबलक वाढून लसीला घाण वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटली उघडल्यावर वास घेतला होता, आणि वास नव्हता. हे साक्षीत नोंदलेले होते. दुसरे, जंतू आधीपासून वाढत असते तर त्यांचे विषही तयार असते आणि झटके टोचल्यानंतर फार लवकर आले असते. ते आठवड्याने आले. म्हणजे अंगात जंतू गेले, तयार विष नव्हे. जंतूंना विष करायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागले. तिसरे, त्याच चंबूतल्या लसीने दुसरीकडे कोणाला काही झाले नव्हते. आणि चौथे, बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नुसता औषधी पाण्यात बुडवून, नीट निर्जंतुक न करता बाटलीच्या बुचाला लावला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. हीही गोष्ट आयोगापुढे आलेल्या साक्षीतच होती; आयोगाने तिला वजन दिले नाही एवढेच.

जुलै १९०७ मध्ये रॉस, सिम्प्सन आणि इतर नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी मिळून लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिले. नोव्हेंबरात सरकारने आरोप मागे घेतला. हाफकिन परत हिंदुस्थानात आले, पण परळला नाही, कलकत्त्याला. १९१४ पर्यंत तिथे राहिले आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे वारले. पाच वर्षे एका माणसाचे आयुष्य अडकून पडले, कारण परळच्या टोकाला सगळे लिहिलेले होते आणि मलकोवालच्या टोकाला चिमटा कसा वापरला याची वही कोणी ठेवत नव्हते. नोंदीची साखळी कारखान्याच्या दारात तुटून चालत नाही, ती सुईपर्यंत जावी लागते. आज दवाखान्यातली सिस्टर रुग्णाच्या केसपेपरवर कुपीचा बॅच क्रमांक उतरवून घेते ते याचसाठी, आणि ती ओळ कधीही टाळू नये.

परळला काम थांबले नव्हते. १९०५ पासून प्लेगवर नव्याने नेमलेले संशोधक मंडळ तिथेच काम करू लागले. प्लेग उंदरांत होतो हे माहीत होते. तो माणसात कसा येतो यावर वाद होता. परळच्या प्रयोगशाळेतले ग्लेन लिस्टन उंदरांच्या पिसवांकडे बोट दाखवत होते. १९०४ मध्येच त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे प्लेग, उंदीर आणि पिसवा यांवर भाषण केले होते. आता ते तपासायचे ठरले. परळच्या आवारात लहान खोपट्या बांधल्या गेल्या. त्यांत गिनीपिग सोडले, काही जमिनीवर, काही जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यात. हवा दोघांना तीच. जमिनीवरचे प्लेगने मेले, उंचावरचे वाचले. उंदराची पिसू चार-पाच इंचांपेक्षा उंच उडी मारत नाही. रोग हवेतून येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडला असता?

पण या मंडळाचे माझ्या मते सर्वांत मोठे काम खोपट्यांत नाही, उंदरांच्या नोंदवहीत आहे. मुंबईत ठिकठिकाणी पकडलेले आणि मेलेले सापडलेले उंदीर रोज परळला येत. प्रत्येकाबरोबर तो कुठे सापडला याची चिठ्ठी. टेबलावर त्याची जात पाहायची, गटारातला तपकिरी की घरातला काळा. मग चिरून प्लेगच्या खुणा पाहायच्या आणि लिहायचे. दिवसेंदिवस हेच. एका दिवसाचे पान पाहिले तर त्यात काही नाही. वर्षाची पाने आठवड्यांच्या हिशेबाने मांडली तेव्हा रेषा उमटली: प्लेग आधी गटारातल्या उंदरांत वाढतो, साधारण दहा दिवसांनी घरातल्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसांत. म्हणजे उंदीर मोजणाऱ्याला माणसांची साथ दोन-तीन आठवडे आधी दिसते. शीव, वडाळा, परळ आणि वरळी या तेव्हाच्या गावांत घरोघर अशी टिपणे झाली.

या लेखांत आणि अहवालांत काम करणाऱ्यांची नावेही येतात, आणि ती वाचावीत. वरची नावे गोऱ्या अधिकाऱ्यांची. त्यांच्या मागून एम. केशव पै यांच्यासारखे हिंदी सहायक. उंदीर पकडणाऱ्यांची आणि टेबल धुणाऱ्यांची नावे छापील लेखात येत नाहीत. म्हणून पुराभिलेखागारात पगारपत्रके आणि आस्थापनेच्या नस्त्या मागवून पाहाव्यात. संस्था कोणाच्या हातांवर उभी होती ते त्या कागदांतून कळू शकते.

आता पाट्या पाहू. १८९९ मध्ये नाव होते प्लेग रिसर्च लॅबोरेटरी. १९०६ मध्ये ते बॉम्बे बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाले, १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट. पहिल्या नावात एक रोग आहे, दुसऱ्यात एक शास्त्र, तिसऱ्यात तो माणूस ज्याला याच कामापायी देश सोडावा लागला होता. हे तिसरे नाव संचालक एफ. पी. मॅकी यांच्या काळात पडले. मॅकी यांचे नाव आपण लक्षात ठेवावे. नाशिकच्या मिशनरी वसतिगृहात उलटून येणाऱ्या तापाची साथ आली तेव्हा त्यांनी मुलगे आणि मुली यांची वेगवेगळी नोंद केली. मुलग्यांत उवा भरपूर आणि ताप भरपूर, मुलींत दोन्ही कमी. मग मुलींत उवा वाढल्या तसा तापही वाढला. हा ताप अंगावरच्या उवा पसरवतात हे १९०७ मध्ये त्यांनी त्यावरून मांडले. साधी यादी, पण दोन रकान्यांत केलेली.

१९३२ मध्ये साहिब सिंग सोखी संचालक झाले, या पदावरचे पहिले हिंदी. नर्तकी मेनका यांचे ते पती. १९३७ मध्ये सोखी आणि चित्रे यांनी प्रसिद्ध केलेले काम जुन्या दप्तराशिवाय झालेच नसते. निरनिराळ्या शहरांतले रानटी उंदीर परळला आणून त्यांना प्लेगच्या जंतूंचा सारखा डोस दिला. मुंबईसारख्या, प्लेगने वर्षानुवर्षे झोडपलेल्या शहरांतले उंदीर बरेचसे तगले. मद्रासकडचे, जिथे प्लेग फारसा रुजला नव्हता, ते मेले. कच्चे उंदीर मरत गेले आणि तगणाऱ्यांची वीण उरली. पण कोणत्या शहरात प्लेग किती वर्षे आणि किती तीव्र होता हे सांगणारे तीस-चाळीस वर्षांचे आकडे हाताशी नसते, तर उंदरांच्या या फरकाला अर्थच लागला नसता. याच काळात के. गणपती आणि सहकारी सल्फा औषधांच्या रसायनावर काम करत होते, आणि १९४० मध्ये सोखी व बी. बी. दीक्षित यांनी गाठीच्या प्लेगवर सल्फाथायझोल चालते हे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले. लसीचा कारखाना म्हणून जन्मलेली जागा आता औषध शोधू लागली होती.

सापाच्या विषावरचे काम याच वाढीचा भाग. डॉ. पी. जे. देवरस परळला सापांवर काम करत. त्यांचे ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये काढले. प्रतिविष करायची रीत थोडक्यात अशी. चार सापांचे विष काढून वाळवायचे. घोड्याला ते अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून चढत्या मात्रेत टोचत जायचे. घोड्याचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे करते. मग घोड्याचे ठरावीक रक्त काढायचे, त्यातला द्रव वेगळा करायचा, शुद्ध करायचा, गोठवून वाळवायचा. भुकटी झाली की ती उन्हातान्हाच्या गावी जास्त टिकते. शेवटी उंदरांवर तपासणी, आणि त्यातून लेबलावरचे ०.६ आणि ०.४५ हे आकडे. प्रत्येक घोड्याची वेगळी वही लागते: मात्रा, तारखा, वजन, ताप, काढलेले रक्त. प्लेगच्या चंबूला जी शिस्त लावली होती तीच इथे तबेल्यात आली.

१९७५ मध्ये संस्थेचे दोन भाग झाले. संशोधन, प्रशिक्षण आणि तपासणी हाफकिन संस्थेकडे राहिली. लसी आणि औषधे बनवण्याचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले. संशोधन आणि उत्पादन एका छताखाली असण्यात एक मोठा फायदा होता: बाटली बिघडली तर ती वही आणि ते टेबल एकाच आवारात. आता त्यासाठी दोन कार्यालयांत पत्र फिरावे लागते. १९०२च्या प्रकरणाची पाने वाचल्यावर मला तरी ही फाळणी फारशी पटत नाही, जरी कारखाना चालवणे आणि संशोधन करणे यांचा वेग वेगळा असतो हे मान्य आहे.

ज्याला हे दप्तर स्वतः उघडायचे आहे त्याने १८९९ ते १९२५ या काळातल्या वार्षिक अहवालांपासून सुरुवात करावी, तीही क्रमाने, मधले वर्ष न सोडता. प्रत्येक अहवालात तीन पाने आधी पाहावीत: माणसांची यादी, खर्चाचा तक्ता, आणि लस कुठे किती गेली. या तिन्हींचे आकडे एका कागदावर खाली खाली उतरवावेत. एखाद्या वर्षी लस दुप्पट झाली आणि माणसे तेवढीच राहिली असे दिसले तर तिथे खूण करावी आणि त्या वर्षाचा सरकारी पत्रव्यवहार पुराभिलेखागारात मागवावा. मागणी अर्जावर खात्याचे नाव, वर्ष आणि खंड क्रमांक लिहावा लागतो. नुसते ‘हाफकिन’ लिहून मागणी करू नये, कारण १९२५ आधीच्या कागदांत संस्था त्या नावाखाली नाही. ‘जनरल डिपार्टमेंट’ आणि ‘प्लेग’ या सदरांखाली शोधावे. खंड टेबलावर आला की कागद ठिसूळ असतो. पान कोपऱ्यातून न धरता खालून तळहात लावून उलटावे, आणि पेनऐवजी पेन्सिल न्यावी.